तीन लाख चाळीस हजारांचा क्लच

अरुण गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी कुटत होते. त्याच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींपैकी एकाचा नंबर होता. "वहिनी, सर जरा बाकावर बसलेत… तुम्ही येता का?" असं ते म्हणाले, आणि त्या 'जरा'वरूनच मला काय ते कळलं. हॉस्पिटलमध्ये पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. त्याच्या पायात एकच बूट होता, दुसरा कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. या गोष्टीला आता नऊ आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी 'सरांवर चार शब्द लिहा' असं मला पहिल्या पंधरवड्यातच सांगितलं गेलं आणि मी लगेच हो म्हणाले. तेव्हा मला जे लिहायचं होतं ते वेगळं होतं. मधल्या काळात मी एका गॅरेजमध्ये जाऊन आले, आणि आता जे लिहितेय ते अरुणला आवडलं नसतं. अर्थात, तसं त्याने बोलून दाखवलं नसतंच.

अरुण कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायचा. मी सरकारी नोकरीत अभियंता, बहुतेक आयुष्य धरणांच्या आणि कालव्यांच्या कामावर गेलं. आम्ही दोघंही येरवड्यातले, दोन गल्ल्यांच्या अंतरावरचे. लग्न विहारात झालं, अर्ध्या तासात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला "अहो, चहा" म्हणाले, तर सासूबाईंच्या देखत म्हणाला, "अहो कोण? माझं नाव अरुण आहे, शाळेच्या दाखल्यावर तेच आहे." सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण त्या दिवसापासून मी त्याला नावानेच हाक मारली. माझी साइट लांब असली की दोन-दोन महिने तो एकटा राही, स्वयंपाक करी, धुणं वाळत घाली, आणि शेजारच्या बायका गच्चीतून बघतायत म्हटल्यावर मुद्दाम माझ्या साड्या सावकाश झटकी. मैत्रिणी त्याचं नाव घेऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. वस्तीतल्या कार्यक्रमांत तो बायकांच्या हक्कांवर बोलायचा, आणि टाळ्यांसाठी बोलायचा नाही, हे मी पस्तीस वर्षं जवळून पाहिलेलं आहे. "तुला हवं ते कर. मी कोण नाही म्हणणारा?" हे वाक्य मी त्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, याची मोजदाद नाही.

घरात काही ठरवायचं झालं की तो एक कोरा कागद घ्यायचा आणि मधोमध पट्टीने उभी रेघ मारायचा. डावीकडे 'करावे', उजवीकडे 'करू नये'. मग दोघांनी मिळून रकाने भरायचे. माहिती काढून आणायचं काम बहुधा त्याच्याकडे असे, कारण त्याचं कॉलेज दुपारी सुटायचं आणि मी कुठल्यातरी टेकडीमागे सिमेंट मोजत असायचे. रकाने भरले की तो पेन टेबलावर ठेवी, खुर्ची मागे सरकवी आणि म्हणे, "आता निर्णय तुझा." तो कागद खाली तारीख टाकून फायलीत लावला जाई. लोकांच्या घरी भांडणं होतात, आमच्याकडे फायली होत्या. मला याचा केवढा अभिमान होता… लिहितानाही लाज वाटते.

पन्नाशी ओलांडली त्या वर्षी वेतन आयोगाची थकबाकी हातात आली आणि मी एक गाडी घेतली. गडद हिरवी, जपानी, दोनच सीटांची, छप्पर मागे दुमडून ठेवता येणारी. निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका नौदल अधिकाऱ्याकडून साडेसहा लाखांना घेतली, तेव्हाच ती बारा वर्षांची होती. मी साइटवरच्या जीपवर गाडी शिकले होते, नोकरीभर धूळ आणि डबरातून चालवली होती. एकदा तरी अशी गाडी चालवायची की जी रस्त्याला चिकटून पळेल, असं फार दिवस मनात होतं. अरुणने कागद घेतला, रेघ मारली. 'करू नये'मध्ये त्याने एवढंच लिहिलं की पाहुणे आले तर बसवायचे कुठे. सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान आहे हो. छप्पर कधी बसवणार?" मी म्हटलं, "तुमच्या गच्चीची गळती थांबली की लगेच." अरुण इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला.

दर रविवारी पहाटे मी बोपदेव घाटाने सासवडला जायचे आणि दिवे घाटाने परत यायचे. तीन तासांचं काम. येताना कधी अंजीर, कधी सीताफळं. पहिल्या दोन-तीन वेळा अरुण शेजारी बसला. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती, शिकायचीही नव्हती. वळण आलं की तो दाराचं हँडल पकडून डोळे मिटायचा आणि वळण संपलं की "झकास" म्हणायचा. मग एका रविवारी म्हणाला, "तू जा गं. मी पेपर वाचत पडतो." मला वाटलं, मला एकटीला वेळ मिळावा म्हणून म्हणतोय. असंच वाटायचं मला त्याच्याबद्दल, कायम. त्या घाटात, वरच्या शेवटच्या वळणावर, डावा पाय क्लचवर आणि हात गिअरवर असताना, मी कुणाची सून नव्हते, कुणाची साहेब नव्हते, बायकोसुद्धा नव्हते. हे मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "मग जातच जा."

पाच वर्षांनी क्लच गेला. घाट चढताना मी पाय दाबला की इंजिन ओरडायचं, पण गाडी काही ओढायची नाही, आणि जळका वास यायचा. क्लच प्लेट झिजलीय हे सांगायला मेकॅनिकची गरज नव्हती. तरी गाडी सतीशकडे नेली. सतीश जाधवचं गॅरेज आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, माझी गाडी पहिल्यापासून त्याच्याच हातात. हात काळे आणि बोलणं स्वच्छ असा माणूस. तो म्हणाला, "ताई, गिअरबॉक्स उतरवून बघतो, पार्ट कुठून मिळतात ते विचारतो, आठवड्यात आकडा देतो." त्या आठवड्यात मी कालव्याच्या कामावर बाहेर होते. अरुण म्हणाला, मी जाऊन घेऊन येतो, त्या बाजूला माझं काम आहे. आणि गॅरेजच्या छापील कागदावरचं अंदाजपत्रक घेऊन आला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, फ्लायव्हील, सगळं परदेशातून मागवायचं, त्यावर कस्टम, वर मजुरी. एकूण तीन लाख चाळीस हजार.

मी आयुष्यभर ठेकेदारांची अंदाजपत्रकं तपासली. गोणीमागे दोन रुपये जास्त लावलेले असले तरी मला दिसायचे, खात्यात माझं नाव त्यासाठी बदनाम होतं. हा एक कागद मी तपासला नाही. दुसऱ्या गॅरेजला फोन केला नाही, इंटरनेटवर किंमत पाहिली नाही. कारण तो अरुणच्या हातून आला होता. त्याने रेघ मारली. डावीकडे 'विकू नये' आणि त्याखाली स्वतःहून लिहिलं, 'तिला आनंद होतो.' उजवीकडे 'विकावी' आणि त्याखाली तो आकडा, त्याच्या त्या सुंदर अक्षरात, स्वल्पविरामांसकट. गाडीच्या निम्म्या किमतीचा क्लच… माझी निवृत्ती तोंडावर आली होती, त्याची अँजिओप्लास्टी नुकतीच झाली होती, आणि कुठलाही शहाणा अभियंता त्या आकड्यावर सही करणार नव्हता. अरुणने पेन ठेवलं, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाला, "निर्णय तुझा." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी सांगितलं की विकून टाकू. बाणेरच्या एका डॉक्टरांनी आहे त्या स्थितीत गाडी घेतली. ती टो करून नेली त्या दिवशी अरुणने मला जवळ घेतलं, मी रडले, तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला. पुढच्या महिन्यात त्याने मला क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली आणि म्हणाला, "आता ती कटकटच नको."

त्यानंतरची सात वर्षं, घरी कुणी आलं आणि त्या हिरव्या गाडीचा विषय निघाला की अरुण मोठ्या कौतुकाने सांगायचा, "निर्णय तिचा. मी एका शब्दाने बोललो नाही." मीही मान हलवायचे. आपण भावनेच्या आहारी न जाता योग्य निर्णय घेतला, याचं मला समाधान वाटायचं.

आमच्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं उभी राहून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात. अरुणबद्दल बोलायला इतके जण उभे राहिले की जेवणं दोन तास लांबली. त्याच्या विद्यार्थिनी बोलल्या, सहकारी बोलले. त्याची धाकटी बहीण रडत रडत म्हणाली, "आमच्या दादाने वहिनीला कधी कशाला नाही म्हटलं नाही. असा नवरा शोधून सापडायचा नाही." मी हात जोडले. मागच्या रांगेत सतीश बसला होता. हे वाक्य झालं आणि तो उठून बाहेर गेला, जेवला नाही. मला वाटलं, गॅरेज उघडायचं असेल.

पंधरा दिवसांनी ऑटोमॅटिकची बॅटरी बसली म्हणून मी त्याच्याकडे गेले. सतीशने बॅटरी बदलली, चहा मागवला, आणि चहा तसाच ठेवून म्हणाला, "ताई, त्या दिवशी मला बसवेना तिथं. सर गेले, पण माझ्याच्याने आता हे आत ठेववत नाही." मी म्हटलं, काय ते बोल. तो खाली बघत म्हणाला, "त्या क्लचचे तीन-चाळीस नव्हते होत हो. डॉक्टरांनी गाडी घेतली ना, त्यांना मीच टाकून दिला. अठ्ठावन्न हजार. माझ्या मजुरीसकट."

मला आधी वाटलं की यानेच मला फसवलं. तसं मी बोललेही, आणि फार वाईट शब्दांत बोलले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर स्वतः आले होते. मी त्यांना खरा आकडा सांगितला. तर हात जोडले त्यांनी माझ्यापुढे, एवढा मोठा माणूस. म्हणाले, ती रविवारी गेली की परत येईपर्यंत मला पेपरातली एक ओळ वाचता येत नाही. मी म्हटलं, मग ताईंना सांगा ना सरळ. तर म्हणाले, नाही म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

नाही म्हणणं तत्त्वात बसत नव्हतं. खोटं बोलणं मात्र ऐसपैस बसलं.

आणि सतीशने जे पुढे सांगितलं ते त्याने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. तो म्हणाला, "मी विचारलं, सर, दोन लाख लिहू का? तर सर म्हणाले, दोन नको. दोन ती भरेल. पाच लिहिलेस तर दुसरीकडे विचारेल. तीन-चाळीस लिही." मी तो चहा प्यायला नाही. बॅटरीचे पैसे टेबलावर ठेवले आणि घरी आले.

पस्तीस वर्षांच्या संसारात एका माणसाला दुसरा किती ओळखतो, याचं मोजमाप मला त्या दिवशी मिळालं. माझी गंमत कुठल्या आकड्यावर संपते आणि संशय कुठल्या आकड्यावर सुरू होतो, हे अरुणला हजारांपर्यंत ठाऊक होतं. आणि ते त्याने माझ्याविरुद्ध वापरलं. त्याने गाडी काढून घेतली असती तर मी समजू शकले असते. नवरे काढून घेतात, आमच्या वस्तीत मी काय काय काढून घेतलेलं पाहिलंय. याने ती माझ्याच हाताने माझ्याकडून सोडवून घेतली, आणि वर सात वर्षं त्या निर्णयाबद्दल मला शाबासकी दिली. तो घाबरत होता हे मला कळतं. मी घाटात असताना तो इथे दिवाणखान्यात पेपर उलटा-सुलटा करत बसला असेल, हे डोळ्यांपुढे येतं आणि वाईटही वाटतं. पण ती भीती माझ्यासाठीची होती रे. तिच्यावर माझा हक्क होता. "मला भीती वाटते, जाऊ नकोस," एवढंच म्हणाला असता…

तर मी काय केलं असतं? भेटायला येणाऱ्यांपैकी एकीला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा मी तावातावाने म्हणाले की मी त्या दिवशी गाडी विकली असती. खरं सांगायचं तर विकली नसती. मी भांडले असते. तो अबोला धरून बसला असता, मी दार आपटलं असतं. मग कदाचित सासवडला पोचल्यावर फोन करायचं ठरलं असतं, किंवा घाट सोडून साध्या रस्त्याने जायचं. काहीतरी दोघांत ठरलं असतं. ते भांडण आमचं, नवरा-बायकोचं, साधंसुधं भांडण होतं आणि त्याने ते मला मिळूच दिलं नाही. माझ्याशी भांडण्याऐवजी तो गॅरेजमधल्या माणसापुढे हात जोडायला गेला.

घरी येऊन मी ती फाईल काढली. हे करायला नको होतं. सगळे कागद तारखेवार लावलेले, प्रत्येकावर मधोमध रेघ. नागपूरची बढती, जी मी नाकारली. पहिल्या मजल्यावरचं घर, जे मी पसंत केलं. दर कागदाच्या तळाशी त्याच्या हातचं, 'निर्णय: सुनंदा.' आणि त्यात खूप जुना, पिवळा पडलेला एक कागद. आम्हाला मूल झालं नाही. मी सदतीस वर्षांची असताना एक मुलगी दत्तक घ्यावी असं माझ्या मनात आलं होतं, त्याचा तो कागद. 'करावे'मध्ये माझ्या अक्षरात सात ओळी. 'करू नये'मध्ये त्याच्या अक्षरात एकच: 'संस्थेत चौकशी केली. किमान चार वर्षे थांबावे लागेल.' चार वर्षांनी मी एक्केचाळीस वर्षांची होणार होते, वर्षातले आठ महिने साइटवर, आणि मी म्हणाले, राहू दे. संस्थेत चौकशी करायला अरुण एकटा गेला होता.

त्याने तिथे काय विचारलं, त्याला काय सांगितलं गेलं, तो गेला तरी होता का… मला माहीत नाही. कदाचित चार वर्षं खरीच असतील. अरुण एकदाच खोटं बोलला असेल, त्या क्लचपुरतं, हेही शक्य आहे. पण आता मला ते कोण सांगणार? मी आठवडाभर त्या कागदाकडे बघत होते. एरवी अक्षरावरून मला ठेकेदाराचा खोटेपणा कळायचा. अरुणचं अक्षर दोन्ही कागदांवर सारखंच सुंदर आहे.

परवा दुपारी सतीशचा फोन आला. आधी बराच वेळ नुसता "ताई… ताई…" करत होता. मग म्हणाला, "बाणेरचे डॉक्टर मुलाकडे कायमचे चाललेत परदेशी. गाडी काढतायत. कालच माझ्याकडे सर्व्हिसिंगला आणली होती, क्लच एकदम मऊ आहे. चार लाख म्हणतायत, मी साडेतीनपर्यंत आणतो. आणि ताई, या वेळी आकडा खरा आहे, तुम्ही चार ठिकाणी विचारा. दुसऱ्या कुणाला सांगायच्या आत म्हटलं तुम्हाला विचारावं. काय करू?"

माझ्याकडे पैसे आहेत. निवृत्तिवेतन आहे, डोळे अजून चांगले आहेत, रविवार तर सगळेच मोकळे आहेत. इतके दिवस रागाने नीट जेवले नव्हते. त्या रागात मी काय उत्तर द्यायला हवं होतं, हे मला ठाऊक आहे. आणि तरी माझ्या तोंडून निघालं, "घरी विचारून सांगते."

मी फोन ठेवला. मग दिवाणखान्यात आले आणि अरुणच्या खुर्चीसमोर बसले. खिडकीतून त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ऊन आलं होतं, खाली कुणीतरी स्कूटर काढत होतं. मी त्याला गाडीचं विचारलं, मोठ्याने, तो समोर असल्यासारखं. मग म्हटलं, विचारतेच आहे तर सगळंच विचारते, आणि त्या पिवळ्या कागदाचंही विचारलं. "अरुण, खरंच चार वर्षं थांबावं लागणार होतं का रे?" उत्तरासाठी ऊन त्या खुर्चीवरून सरकून जाईपर्यंत थांबले. तो मला आयुष्यात कधी नाही म्हणाला नव्हता. त्या दुपारीही म्हणाला नाही.